लाव्ह्याच्या खालचा भूकंप

पाटण खोऱ्यात विहिरीची किंवा बोअरची जागा बघायला गेलं, की पाण्याचं बोलणं संपता संपता एक प्रश्न हमखास येतो. कधी चहाचा कप हातात देताना घरातली आजी विचारते, कधी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बसलेला पोरगा विचारतो. ‘‘सायेब, हितं खाली ज्वालामुखी हाय म्हणत्यात. धरणीकंप त्येच्यामुळंच हुतोय न्हवं?’’

भूजल सर्वेक्षणातल्या माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेली. हा प्रश्न मी कोयनानगरजवळ हेळवाकला ऐकला, मोरगिरीत ऐकला आणि डोंगराच्या अलीकडे शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या वाटेवरच्या गावांतही ऐकला. जत-आटपाडीकडे मात्र कोणी विचारलेलं आठवत नाही. तिकडे माणसाला पाण्याखेरीज दुसरं काही विचारायला उसंत नसायची.

प्रश्न विचारणाऱ्याकडे कारणं असतात, आणि ती चांगली कारणं असतात. शाळेत भूकंप आणि ज्वालामुखी शेजारी-शेजारी शिकवलेले असतात. सह्याद्री लाव्ह्यापासून झाला हे प्रत्येकाने पाठ केलेलं असतं. धक्का बसायच्या आधी जमिनीतून गडगडाट ऐकू येतो, तो तर कोयनेच्या माणसाने लहानपणापासून ऐकलेला. शिवाय कुंभार्ली घाट उतरून संगमेश्वरकडे गेलं की आरवली, तुरळ, राजवाडी इथे कढत पाण्याची कुंडं आहेत. लाव्ह्याचा डोंगर, खालून आवाज आणि कढत पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, तर खाली काहीतरी पेटलेलं आहे असं कुणालाही वाटेल. म्हणून मी या प्रश्नाला कधी घाईत उत्तर दिलं नाही. उत्तर नीट दिलं, तर ते ऐकणाऱ्याच्या घराच्या भिंतीपर्यंत जाऊन पोचतं, हे मला नोकरीत हळूहळू कळत गेलं.

लाव्ह्याची ओळख मला पुस्तकापेक्षा बोअरच्या गाडीने जास्त करून दिली. गाडी लागली, हातोडा सुरू झाला, की मी धुरळा उडतो त्या बाजूला जाऊन उभा राहायचो. आधी माती, मग मुरूम, मग काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी. प्रत्येक रॉड खाली गेला की मूठभर भुकटी घ्यायची, बादलीतल्या पाण्यात धुवायची आणि तळहातावर पसरून बघायची. टणक पाषाण असला तर कण धारदार आणि निळसर काळे असतात. मांजऱ्या लागला की कण जांभळट होतात आणि त्यांत पांढरे, हिरवट ठिपके दिसायला लागतात. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं साचली, ते हे ठिपके. आणि मग एकदम भुकटीचा रंग लाल होतो. ऑपरेटर ओरडतो, ‘‘सायेब, गेरू लागला!’’ त्याचा जीव खाली-वर होतो, कारण हा लाल थर ढासळतो, रॉड अडकतो, केसिंग खोलवर उतरवावं लागतं आणि शेतकऱ्याचा खर्च वाढतो.

मला मात्र त्या लाल भुकटीपाशी नेहमी थांबावंसं वाटे. एक लाव्हा पसरला, थंड झाला. त्यावर ऊन-पाऊस झाला, वरचा भाग कुजून त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्या मातीला भाजून वर पसरला. लाल थर म्हणजे दोन उद्रेकांमधली ती शांत वर्षं. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे हे पट्टे उघड्यावर दिसतात. आंबेनळी घाटात गाडी सावकाश चालवली, तर काळा, जांभळट, लाल, पुन्हा काळा असा क्रम डोळ्यांनी मोजता येतो.

हे सगळं घडलं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. महाबळेश्वरला आलेली माणसं ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे असं विचारतात. तसं एखादं शंकूसारखं तोंड इथे नव्हतंच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत राहिला. आज उरलेला त्याचा पसारा 5 लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. भूशास्त्रज्ञांनी या थरांना रासायनिक घडणीवरून नावं दिली आहेत, आणि त्यांतली वरची नावं आमच्याच जिल्ह्याच्या परिसरातली आहेत: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. या साऱ्या गटाला वाईचं नाव आहे. आंबेनळी आणि महाबळेश्वर या थरांतला लाव्हा थेट गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला सापडतो, म्हणजे जवळजवळ 1,000 किलोमीटर दूर. वाईच्या घाटावर बसून हे एखाद्याला सांगितलं की तो नदीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

मग तो ज्वालामुखी गेला कुठे? तो जागेवरच आहे, आपण पुढे सरकलो. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून गेला, आणि त्या काळात दख्खनचा लाव्हा बाहेर आला असं मानलं जातं. ती तप्त जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर वाहतो. आपल्या काळ्या दगडाचं उगमस्थान आता दूर मादागास्करच्या पूर्वेला समुद्रात आहे, हे सांगितलं की ऐकणाऱ्याची निम्मी भीती कमी होते.

उरलेली निम्मी भीती 1967 ची आहे. ती कमी करण्याच्या लायकीची नाही. ती योग्य जागी वळवायची आहे.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरलं. भूकंप 6.3 रिश्टरच्या आसपासचा होता. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, हजारो घरं पडली. कोयना धरणाची भिंत 103 मीटर उंच. तिच्या पायातल्या बोगद्यात बसवलेल्या यंत्राने जमिनीला बसलेला हिसका नोंदवला, तो गुरुत्वाकर्षणाच्या 63 टक्के इतका होता. भिंतीला वरच्या भागात तडे गेले. पण धरण टिकलं, आणि पुढे त्याला मागून आधार देऊन बळकट केलं गेलं. दोनाचीवाडी, नानेल या बाजूला जमीन फाटून लांब भेगा पडल्या होत्या.

मोरगिरीच्या वरच्या अंगाला एका वाडीत एका आजींनी मला ती पहाट सांगितली होती. तेव्हा त्या नव्याने नांदायला आलेल्या. ‘‘आदुगर आवाज आला बगा, गाडी आल्यावानी. मंग भुई हालली. मामंजी वरडले, भाईर पळा. म्या दारात आले आन् मागची भित बसली.’’ त्या ‘बसली’ असं म्हणाल्या, ‘पडली’ असं नाही. दगडमातीची भिंत अशीच जाते. मधली माती सुटते, बाहेरचे आणि आतले दगड दोन बाजूंना सरकतात आणि वरचं सगळं ओझं खाली बसतं. हे त्यांनी अंगावर अनुभवलं होतं. मी नंतर भूकंप अभियांत्रिकीच्या अहवालांत तेच वाचलं.

आधी आवाज का येतो, हेही मी तिथे बसून सांगितलं होतं. भूकंपाच्या लहरी दोन जातींच्या असतात. पुढे धावणारी लहर दगडाला दाबत-सोडत जाते आणि जमिनीतून हवेत आली की कानाला ऐकू येते. जोराने हलवणारी लहर तिच्या मागून येते. कोयनेचे भूकंप फार खोलवर होत नाहीत, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतच असतात. त्यामुळे तो आवाज वाटेत विरत नाही, स्पष्ट पोचतो. आगीचा त्यात काही भाग नाही. आजी म्हणाल्या, ‘‘म्हंजी आवाज आला की पळायचं, येवढंच ना?’’ त्यांनी माझ्या पाच मिनिटांच्या बोलण्यातलं नेमकं तेवढं उचललं. पण ती पुढची लहर आणि मागची लहर यांत कोयनेसारख्या ठिकाणी एखाद-दोन सेकंदांचंच अंतर मिळतं. तेवढ्यात दार गाठता येईल याचा भरवसा नसतो, म्हणून घर उभं राहणारं असलं पाहिजे. हे मी त्यांच्या मुलाला वेगळं सांगितलं.

1967 पर्यंत दख्खनचं पठार म्हणजे हलणार नाही अशी जमीन, असाच समज होता. कोयनेनंतर 1970 मध्ये देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला आणि हा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. इथे वेळेवर झालेल्या एका कामाचा उल्लेख करायलाच हवा. 1962 साली धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि थोड्याच दिवसांत लहान लहान धक्के जाणवू लागले. तेव्हा खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने कोयनेच्या परिसरात भूकंपमापक बसवले. मोठा भूकंप व्हायच्या आधीपासून नोंदी होत्या, म्हणून पाणी आणि भूकंप यांचा संबंध पुढे सिद्ध करता आला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर आयुष्य घातलं. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांत कोयनेचा भूकंप आजही जगातला सर्वांत मोठा मानला जातो.

हा संबंध गावात समजावून सांगणं माझ्यासारख्या पाण्याच्या माणसाला सोपं जातं. खडकात भेगा असतात, भेगांत पाणी असतं, त्या पाण्याला दाब असतो, हे आमचं रोजचं काम. कोयनेचा जलाशय, शिवसागर, पावसाळ्यात भरतो. पाण्याचं वजन खालच्या खडकावर पडतं, आणि पाण्याचा दाब भेगांवाटे हळूहळू खोलवर झिरपत जातो. खाली एक जुना तडा आहे, त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या आहेत. भारताचा भूखंड उत्तरेला रेटत असल्याने त्या बाजूंवर ताण आधीच साठलेला आहे. टायर बदलताना जॅक लावला की चाकावरचा भार हलका होतो, तसा तड्यातला पाण्याचा दाब त्या दोन बाजूंवरची पकड हलकी करतो. मग साठलेला ताण सुटतो. ताण पाण्याने तयार केलेला नसतो, तो निसर्गाचाच असतो. पाणी फक्त त्याची वेळ जवळ आणतं. म्हणूनच पावसाळा सरल्यावर, जलाशय भरलेला असताना धक्के वाढतात, हे कोयनेचा माणूस कुठल्याही यंत्राशिवाय जाणतो.

डोंगराच्या या बाजूला वारणेचं तेच झालं. शिराळ्याच्या वर चांदोलीला वारणा धरणात 1985 पासून पाणी अडवायला लागले. 8 डिसेंबर 1993 आणि 1 फेब्रुवारी 1994 ला त्या भागात पाचच्या आसपासचे दोन भूकंप झाले. त्या वेळी सांगली जिल्ह्यात लोकांच्या मनाची काय अवस्था होती, ते मला लख्ख आठवतं. 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झालेला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र संपता संपता लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गाडली गेलेली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी इथली भांडी वाजली. आरळा, चरण, मणदूर या बाजूची माणसं थंडीत अंगणात शेकोट्या करून झोपत होती. किल्लारीची बातमी आणि इथला हादरा लोकांच्या मनात एक होऊन गेला होता. ‘आता लाव्हा येणार’ ही अफवा त्या हिवाळ्यात सर्वांत जोरात होती, आणि आम्हाला सरकारी कामासाठी गावात गेलं की आधी तेवढंच ऐकावं लागे.

त्या काळात माझ्या खात्यापासून थोडं दूर एक काम सुरू झालं, ज्याकडे मी पुढे कित्येक वर्षं लक्ष ठेवून होतो. हैदराबादच्या संस्थेने कोयना-वारणा परिसरात 21 बोअर घेतले, ते पाणी काढायला नव्हे, पाण्याची पातळी सतत मोजायला. त्यांतल्या काही बोअरमधली पातळी दिवसाकाठी दोनदा किंचित वर-खाली होते असं दिसलं. समुद्राला भरती आणणारे चंद्र आणि सूर्य जमिनीलाही अगदी थोडं ताणतात. खडक ताणला की त्यातल्या भेगा किंचित उघडतात, पाणी खाली जातं. दाबला की पाणी वर येतं. समुद्र इथून घाट उतरून पुढे, आणि इथे पाटणच्या डोंगरात, बंद खडकातल्या पाण्याला भरती-ओहोटी! मध्यम भूकंप झाला की त्याच बोअरमध्ये पातळी काही सेंटीमीटरनी हलल्याचीही नोंद झाली. विहिरीचं पाणी मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याहून मोठं काही बघायला मिळेल असं मला वाटत नाही. खडक मेलेला, निर्जीव असतो हे शब्द मी त्यानंतर कधी वापरले नाहीत.

मूळ प्रश्नाचं थेट उत्तर मात्र त्याहून खोल बोअरने दिलं. 2012 पासून कोयना-वारणेत संशोधनासाठी दीड किलोमीटरपर्यंत खोल भोकं पाडून खडकाचा सलग गाभा वर काढला गेला. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी उभी राहिली. पुढे पाटण तालुक्यात गोठणे इथे 2016 च्या डिसेंबरात एक बोअर सुरू झाला आणि 2017 च्या जूनमध्ये तो 3 किलोमीटर खोल गेला. दोनशे-तीनशे फुटांचे बोअर घेणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला हा आकडा नुसता वाचूनही दम लागतो.

गाभ्याच्या पेट्यांपाशी उभं राहून बघण्याची संधी मला एकदा मिळाली. लांबट पेट्या, प्रत्येकीत खाचा, खाचांत दंडाएवढ्या जाडीचे खडकाचे गोल तुकडे क्रमाने मांडलेले, कडेला खोली लिहिलेली. माझा सगळा ओळखीचा मुलूख त्यात होता: काळा पाषाण, मांजऱ्या, पांढऱ्या ठिपक्यांचा जांभळा दगड, लाल थर, परत पाषाण. फरक इतकाच की मी हे आयुष्यभर भुकटीत बघितलं होतं आणि इथे ते अखंड होतं. लाल थराच्या वरच्या लाव्ह्याची तळरेघ नखाने चाचपता येत होती. मग सव्वानऊशे मीटरच्या पुढे एका पेटीत काळा रंग संपला. त्याला लागूनच करड्या-गुलाबी पट्ट्यांचा, चमकत्या अभ्रकाचा दगड सुरू झाला. ग्रॅनाइट. मध्ये वाळूचा, गाळाचा थर नाही. अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक आणि त्यावर टेकलेला साडेसहा कोटी वर्षांचा लाव्हा, एका हाताच्या पंजात दोन्ही मावतील एवढ्या अंतरावर. मी त्या सांध्यावर बोट ठेवलं. गोठण्याला हा सांधा आणखी खाली, सुमारे साडेबाराशे मीटरवर लागला.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. लाव्हा संपतो एक-सव्वा किलोमीटरवर. कोयनेचे भूकंप होतात त्याच्या कितीतरी खाली, बरेचसे पाच ते दहा किलोमीटरच्या दरम्यान. म्हणजे भूकंप लाव्ह्यात होतच नाहीत. ते लाव्ह्याच्या खाली झाकल्या गेलेल्या म्हाताऱ्या ग्रॅनाइटमधल्या तड्यांवर होतात. ज्वालामुखीने इथे केलेलं काम एवढंच की त्या तड्यांवर काळ्या दगडाचं जाड पांघरूण घातलं, आणि 1967 पर्यंत ते कुणाच्या लक्षात आले नाहीत. किल्लारीलाही तसंच आहे. तिथे पांघरूण पातळ, सुमारे 340 मीटर, पण मोडला तो खालचा जुना खडक.

आणि उष्णता? कोयनेच्या बोअरमध्ये तापमानही मोजलं गेलं. 6 किलोमीटर खोलीवर ते दीडशे अंशांच्या आसपास असेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. बेसाल्टचा लाव्हा वाहतो तो अकराशे-बाराशे अंशांना. हा खडक थंडच म्हणायचा. राजवाडी-तुरळच्या कुंडांचंही तेच. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या नेहमीच्या उबेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. त्यासाठी खाली लाव्हा असावा लागत नाही.

मग भूकंप आणि ज्वालामुखी यांचा काही संबंधच नाही का, असं एका शिक्षकांनी मला विचारलं होतं. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही. जिथे समुद्राखालचा एक भूखंड दुसऱ्याच्या खाली बुडतो तिथे दोन्ही असतात. बुडताना घासण्याने भूकंप होतात. बुडणाऱ्या खडकाबरोबर गेलेलं पाणी खालच्या तप्त खडकात मिसळतं, त्याने तो खडक कमी तापमानाला वितळतो आणि वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. जपान, इंडोनेशिया, चिली ही अशी ठिकाणं. 22 मे 1960 ला चिलीत 9.5 चा भूकंप झाला, आजवर मोजलेला सर्वांत मोठा. दोनच दिवसांत तिथला कोर्दोन काउये हा ज्वालामुखी फुटला. आपल्या देशात हे बघायचं तर अंदमानला जावं लागेल. बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षं गप्प राहून तो 1991 मध्ये पुन्हा सुरू झाला. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आणणारा भूकंप झाला तो त्याच बुडत्या कडेवर.

काही वेळा उलटंही होतं, ज्वालामुखीच भूकंप घडवतो. लाव्हा वर चढताना खडक फोडत येतो, त्याचे शेकडो लहान धक्के उथळ जागी होतात, जमीन फुगते, वायू सुटतात. फिलिपाइन्समध्ये 1991 साली पिनातुबोच्या खाली असे धक्के मोजूनच हजारो माणसांना वेळेत हलवता आलं, आणि 15 जूनला तो डोंगर फुटला. आणि हिमालय बघा. दोन भूखंड समोरासमोर धडकलेले, समुद्रतळ बुडायचा कधीच संपलेला. भयंकर भूकंप, आणि ज्वालामुखी नाही. शिक्षकांनी हे वर्गात फळ्यावर काढून घेतलं. कोयना यांपैकी कशातच बसत नाही, हे पोरांना तेव्हा आपसूक दिसलं. इथे भूखंडाची कड नाही, लाव्हा नाही. जुना तडा, साठलेला ताण आणि वर पाणी, एवढंच आहे.

हे सगळं सांगण्याचा माझा आटापिटा का, तर ज्वालामुखीच्या भीतीपुढे माणूस हात टेकतो. आग वर येणार असेल तर घर कसं बांधलं याला काय अर्थ उरतो? पण कोयनेत माणसं मेली ती भिंतींनी. आणि भिंत आपल्या हातातली आहे.

पाटणची पुष्कळ माणसं मुंबईला माथाडीत, गोदीत, गिरण्यांत राबली. हाताशी चार पैसे आले की गावचं घर सुधारायचं हे प्रत्येकाचं स्वप्न. ते मी फार जवळून बघितलं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यात एक घातक पद्धत शिरली. जुन्या दगडमातीच्या भिंती तशाच ठेवायच्या, कौलं आणि वासे काढायचे आणि वर स्लॅब टाकायचा. वरून घर पक्कं दिसतं. खाली मात्र त्याच, आधीच सुटायला टेकलेल्या भिंतींवर कितीतरी टनांचं ओझं आलेलं असतं. माझ्या मते या खोऱ्यात लाव्ह्यापेक्षा हा स्लॅब हजारपट घाबरण्याजोगा आहे, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मणदूरच्या बाजूला एका घरी बोअरची जागा दाखवायला गेलो होतो. मुलगा मुंबईहून परतलेला, नव्या घराचा पाया झालेला. गवंडी जुना, किल्लारीनंतरच्या पुनर्वसनाच्या कामावर राबून आलेला. मालक म्हणत होता, जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या वर काँक्रिटचा पट्टा कशाला, दोन्हीचे पैसे वाचवू. गवंडी माझ्याकडे बघत गप्प उभा. मी मालकाला तिथेच एका कोपऱ्यावर नेलं. म्हटलं, भूकंपात चारी भिंती वेगवेगळ्या दिशेने ओढल्या जातात. पहिली फट इथं पडते, कोपऱ्यात. पट्टा सगळ्या भिंतींवरून एकसंध फिरला की त्या एकमेकींना धरून ठेवतात.

‘‘आन् सळी?’’ गवंड्याने विचारलं. त्याला उत्तर ठाऊक होतं, मालकाने ते माझ्या तोंडून ऐकावं असं त्याला वाटत होतं.

‘‘सळी कोपऱ्यावर कापायची नाही, वळवून दुसऱ्या भिंतीत चांगली दोन फूट न्यायची. आणि भिंत दगडाचीच करायची असली तर मधे मधे आरपार जाणारे लांब दगड घाला, सिमेंटमध्ये. मातीत नको.’’

मालकाने खर्च विचारला. गवंड्याने खडूने जोत्यावरच हिशेब मांडला: सळी किती, सिमेंटच्या गोण्या किती. सगळ्या घराच्या खर्चात तो आकडा लहान होता. मुलाने बापाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘आबा, टाइल्स जरा साध्या घेऊ.’’ तिथेच ठरलं.

बोअरची जागा त्यानंतर बघितली. त्यांना ती ईशान्येच्या कोपऱ्यात हवी होती, पण तिथे टणक पाषाण वर आलेला होता. ओढ्याच्या अंगाला मांजऱ्या होता आणि त्याखाली लाल थर लागणार हे शेजारच्या विहिरीवरून दिसत होतं. मी ओढ्याकडेच खुंटी मारायला लावली, आणि ऑपरेटरसाठी चिठ्ठीत केसिंग किती खोल उतरवायचं ते लिहून दिलं.